जामिनाची बरणी

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी एर्थे मंडळी गॅरेजमध्ये मिरच्या सोलायला जमली, तेव्हा विसीने आल्या आल्या दोन गोष्टी बघून घेतल्या. एक म्हणजे आपली बुटकी खुर्ची आईच्या शेजारी, नेहमीच्या जागी आहे ना. ती होती. दुसरी म्हणजे भावजयीने, बेगोन्याने, याही वर्षी रबरी हातमोजे आणलेत का. आणले होते, आणि या खेपेला निळे. विसीला बरं वाटलं. टोचायला काहीतरी हाताशी असलं की तिचा दिवस चांगला जायचा.

बाहेर अंगणात धाकटा मेहुणा एलोय आणि भाऊ फेर्मिन द्राक्षवेलीच्या काटक्यांचा जाळ करून लोखंडी पत्र्यावर मिरच्या भाजत होते. जाड सालीच्या त्या गोड लाल मिरच्या काळ्याठिक्कर झाल्या की टोपलीत, ओल्या फडक्याखाली घाम फुटेस्तोवर ठेवायच्या, मग आत आणायच्या, आणि आतल्यांनी त्यांची जळकी सालं बोटांनी काढायची, मग वर्षभरासाठी बरण्यांत भरून त्या बरण्या उकळायच्या. सोलताना पाण्याला हात लावायचा नाही, हा आईचा कायदा. पाण्याने साल पटकन निघते पण चवही निघून जाते, म्हणून शेवटची मिरची सोलून होईपर्यंत गॅरेजमधला नळ उघडायचा नाही. आईला, फेलिसाबाईंना, आता कमी ऐकू यायचं, पण नळाचा आवाज त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाहून कळायचा. दुपार कलेपर्यंत सगळ्यांची बोटं काळी आणि सुरकुतलेली होऊन जात. बेगोन्याची सोडून.

"मोज्यांनी मिरचीला रबराचा वास लागतो," विसी कुणाकडेच न बघता म्हणाली.

"मग माझ्या वाटणीच्या बरण्या वेगळ्या ठेवा," बेगोन्या हसत म्हणाली. "आम्हा सारागोसा शहरातल्या लोकांना तसंही चवीतलं काही कळत नाही."

विसीला तिचं हेच सहन होत नसे. टोमणा मारला की समोरच्याने चिडावं, एवढी साधी अपेक्षा माणसाने पुरी करू नये म्हणजे काय. तिने नवऱ्याला हाक मारली. तासियो सकाळपासून तिच्या शेजारी मुकाट्याने सोलत बसला होता, आणि त्याच्याइतक्या सफाईने साल कुणालाच काढता येत नव्हती. "बर्फ आणायचाय ना? जा मग," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ते काम उरकून ये." तासियोने मान हलवली, हात पँटला पुसले आणि गेला.

ते काम काय होतं, हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ते का होतं, हे कळायला पहिल्या बरणीचं सांगायला हवं.

कासिल्दा, विसीची धाकटी बहीण, आणि एलोय यांनी नदीजवळचा फ्लॅट घेतला तेव्हा बँकेने जामीन मागितला. फेर्मिनला तेव्हा नोकरी नव्हती. आईकडे पेन्शनखेरीज काही नव्हतं. चपलाबुटांचं दुकान होतं ते एकट्या विसीचं, आणि विसीने सही केली. त्या वर्षी बरण्या उकळून झाल्या तेव्हा पातेल्यातून पहिली निघालेली बरणी कासिल्दाने पुसली, झाकणावर पेनाने एकचा आकडा घातला आणि सगळ्यांसमोर विसीच्या हातात दिली. "आमच्या जामिनाची बरणी," एलोय म्हणाला होता. तेव्हापासून चौदा वर्षं हेच चाललं होतं. दर वर्षी विसी "अगं, कशाला" म्हणायची आणि घ्यायची. ती बरणी नाताळापर्यंत उघडत नसे. कपाटात पुढे ठेवायची, एकचा आकडा दिसेल अशी.

बरणीबरोबर बाकीचंही आलं होतं. कासिल्दा सोफा घेण्याआधी विसीला विचारायची. रविवारच्या जेवणात कोकराचा चांगला तुकडा एलोय विसीच्या ताटात वाढायचा. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. विसी ते सहीचं व्याज समजून घेत आली होती. गेल्या काही वर्षांत व्याजदर चढले, कासिल्दाचा हप्ता फुगत गेला, तिने गाडी विकली. विसीला खरंच वाईट वाटलं. तिने दोनदा पैसेही देऊ केले. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी आणखी एक काहीतरी होतं, आणि ते वाईट नव्हतं. बहीण अडचणीत होती तोवर बहीण तिची होती.

मग मागच्या पंधरवड्यात एलोय बुटाच्या नाड्या घ्यायला दुकानात आला आणि बोलता बोलता दरासकट बोलून गेला की बेगोन्याने इंटरनेटवरून स्वस्त कर्ज शोधून दिलंय, आता बघू. बेगोन्याने. विसीने नाड्यांचे पैसे घेतले नाहीत, गोड हसली, आणि तो गेल्यावर काउंटरमागे बसून फोन उघडला. दुकानाच्या नूतनीकरणासाठी घरावर काढलेलं तिचंही कर्ज होतंच. सगळ्यांत वर जी जाहिरात आली तिच्यावर तिने बोट ठेवलं, नाव-नंबर भरला, आणि कॉफी ओतून होते न होते तोच फोन वाजला. पलीकडचा गृहस्थ तिला "दोन्या विसितासियोन" म्हणाला. पूर्ण नावाने, मानाने, असं तिला लग्नात पाद्र्याने म्हटलं असेल तेवढंच. त्याने सांगितलेला दर कासिल्दाला मिळणार होता त्याच्याहून कमी होता. विसीला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही. तिने ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, दुकानाचे कागद पाठवले. आता राहिलं होतं फक्त नोटरीचं आगाऊ शुल्क, बाराशे युरो, आज संध्याकाळच्या आत. घरच्यांना काम झाल्यावरच सांगा, असंही त्या गृहस्थाने सुचवलं होतं, लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही. हे तर विसीला फारच पटलं.

बँकेचं ॲप तासियोच्या फोनवर होतं. तो बर्फ घेऊन परतला की विसी सहज सांगावं तसं सांगणार होती, की आम्हीपण हलवलं हो कर्ज, आणि तुमच्यापेक्षा कमी दरात.

पण आधी कासिल्दा उठली. काळे, ठिबकणारे हात तिने पुढे धरले होते आणि चेहरा लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा झाला होता. घराचं कर्ज हलवतोय, ती म्हणाली. जुन्या बँकेचं फेडून टाकायचं आणि नवं घ्यायचं, इंटरनेटवरून काम करणाऱ्या एका कंपनीकडून. हप्ता ठरलेला, शेवटपर्यंत तोच.

"आणि खरी गोष्ट पुढेच आहे," कासिल्दा म्हणाली. "त्यांना जामीन नको. विसी, तू सुटलीस."

सगळ्यांनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. कोण सुटलं, असं आईने विचारलं. विसी सुटली, असं फेर्मिनने दारातून ओरडून सांगितलं. तुरुंगातून का, असं आईने विचारलं, आणि गॅरेज हसण्याने भरून गेलं. विसीही हसली. सगळ्यांत उशिरा थांबली तीच.

सुटलीस. पायाला चावणारा बूट काढून फेकल्यासारखं बोलली होती बया. सुटायचंय का, हे तिला कुणी विचारलं होतं? आता सोफा घ्यायच्या आधी ही बेगोन्याला विचारणार. रविवारी एलोय तो तुकडा कुणाच्या ताटात वाढणार, हेही दिसत होतं. विसीला इतका मत्सर वाटला की समोरची मिरची तिला नीट दिसेना.

"पण इंटरनेटवर सगळे चोरच बसलेत म्हणतात," ती म्हणाली. घातलेला बूट परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचा खास आवाज तिने काढला होता. "ही माणसं खरी आहेत हे कळलं कसं तुम्हाला? बेगोन्याने बघितलंय म्हणून?"

बेगोन्या कुठेतरी अडखळावी म्हणून तिने ते विचारलं. बेगोन्याला मात्र विचारलेलं आवडलं. जाहिरातींवर मी बोटच ठेवलं नाही, ती सोलता सोलता सांगू लागली, वर येतात त्या पैसे देऊन वर आलेल्या असतात. देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे परवानगी असलेल्यांची यादी असते, तीत कंपनीचं नाव शोधलं. नंबरही त्याच यादीतून घेतला आणि फोन आपण केला. "आपल्याला आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "आपण लावलेल्यावर ठेवायचा."

विसीची बोटं थांबली. फोन तिला आला होता.

दुसरं म्हणजे खरी माणसं घाई करत नाहीत, बेगोन्या पुढे म्हणाली. सगळं लेखी देतात आणि घरी नेऊन वाचा म्हणतात. आजच्या आज करा म्हणणारा आला की समजावं. संध्याकाळच्या आत, दोन्या विसितासियोन, नाहीतर हा दर मला धरून ठेवता येणार नाही, असं तो गृहस्थ सकाळीच म्हणाला होता, आणि किती काळजीने म्हणाला होता.

"नोटरीचं तर तुला माहीतच असेल, तू दोनदा जाऊन आलीयेस," बेगोन्या म्हणाली.

विसीला काही माहीत नव्हतं. दोन्ही वेळा नोटरीने सगळे कागद भराभरा वाचून दाखवले होते आणि तिने फक्त आपलं नाव कधी येतं त्याकडे कान लावला होता. आता कायदा बदललाय, असं कासिल्दा उत्साहाने सांगू लागली. नोटरी आपण निवडायचा. तिने इथल्याच, चौकातल्या नोटरीबाई निवडल्या होत्या. सहीच्या आधी एकदा त्यांच्याकडे जायचं, कर्ज देणाऱ्याचा माणूस बरोबर नसतो, आणि त्या शाळेतल्यासारखे प्रश्न विचारतात, हप्ता चुकला तर काय, लवकर फेडलं तर काय. मी पाठ करतेय, झोपेत बडबडते म्हणतो एलोय.

"आणि त्याचे पैसे?" विसीने विचारलं. आवाज आता गिऱ्हाइकाशी बोलायचा राहिला नव्हता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

"कर्ज देणारा भरतो," बेगोन्या म्हणाली. "नोटरीच्या नावाखाली जो आधी पैसे मागतो, तो चोर. त्यात विचार करण्यासारखं काही नाही."

विसीच्या हातातली मिरची फाटली. फाटलेल्या वेगळ्या भांड्यात टाक, असं आईने बजावलं, आणि विसीने ती आज्ञाधारकपणे टाकली.

तासियोला जाऊन बराच वेळ झाला होता. चौकातल्या बारमध्ये उभा राहून, एक ग्लास वाइन मागवून तो सांगितलेलं काम करत असेल. केलंही असेल. विसीने मनाशी हिशेब मांडला, आणि तो प्रामाणिक होता. गप्प बसलं तर फक्त तासियोला कळेल, आणि तासियो आजवर कुणाला काही बोललेला नाही. बेगोन्याच्या तोंडून "अरेरे" ऐकावं लागू नये याची किंमत बाराशे युरो. थोडा वेळ तिला तो सौदा खरोखर स्वस्त वाटला.

मग तिला मोटरसायकल आठवली. ते पैसे तासियोने वडिलांची जुनी मोटरसायकल विकून बाजूला ठेवले होते, आणि तिने मागितले तेव्हा कशाला म्हणून विचारलंही नव्हतं. विसीला स्वतःची लाज वाटली. तिच्याबाबतीत असं फारसं होत नसे.

तिने अंगठा ॲप्रनला पुसला आणि मांडीखालचा फोन काढून त्यावर टेकवला. फोन उघडला नाही. पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला. सकाळपासून मिरच्या सोलून तिच्या बोटांवरच्या रेषाच बुजल्या होत्या. फोनला मालकीण ओळखू येईना. आकडे टाकून उघडता आला असता, पण ते आकडे तासियोलाच पाठ होते. ती नळाकडे सरकली.

"नळ," आई म्हणाली.

आणि धुऊन तरी काय होणार होतं. हा काळेपणा दोन दिवस निघत नाही, हे लहानपणापासून ठाऊक. विसीने गॅरेजभर नजर फिरवली. कासिल्दाचे हात काळे. आईचे काळे. अंगणातल्या पुरुषांचे तर विचारूच नका. अख्ख्या घरात स्वच्छ हात एकाच बाईचे होते, आणि ते निळ्या मोज्यांत होते.

"बेगोन्या," विसी म्हणाली, "ते मोजे काढ."

"आता कसला वास आला?"

"मोजे काढ आणि तासियोला फोन लाव. त्याला सांग, पैसे पाठवू नकोस म्हणावं."

कासिल्दाने विचारलं, कसले पैसे, कुणाला. मग विसीने सांगितलं. जाहिरात, तो गृहस्थ, पूर्ण नाव, ओळखपत्र, नोटरीचं शुल्क, सगळं. बेगोन्याकडे तिने बघितलंच नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघत सांगितलं. तिला कर्ज हलवायची एवढी कसली निकड आली होती, असं कासिल्दाने गोंधळून विचारलं.

"मला तुझ्यापेक्षा कमी दर हवा होता," विसी म्हणाली. "आणि हिच्या मदतीशिवाय हवा होता. झालं समाधान?"

बेगोन्या "अरेरे" म्हणाली नाही. तिने मोजे ओढून काढले, गोऱ्यापान, कोरड्या बोटांनी नंबर लावला आणि फोन कानाला धरला. उचलला नाही. पुन्हा लावला. तेव्हा अंगणातून घंटी ऐकू आली, जवळ येत गेली, आणि दारात तासियो उभा राहिला. दोन्ही खांद्यांवर बर्फाच्या पिशव्या आणि खिशात वाजणारा फोन.

"हात भरलेत माझे," तो म्हणाला. "कोण लावतंय सारखं?"

"पाठवलेस?" विसीने विचारलं.

तासियोने पिशव्या खाली ठेवल्या. चेहरा पडला होता. "नाही गं. रागावू नकोस. माझा अंगठाच घेईना तो फोन. वाइनमध्ये बुडवला, बारवाल्याने लिंबू दिलं, ते चोळलं. मग बँकेने कुलूपच लावून टाकलं, उद्या या म्हणे." त्याने काळा अंगठा पुरावा म्हणून पुढे केला. "सकाळपासून तूच बसवलंस मला सोलायला."

आधी कासिल्दा हसली, मग फेर्मिन, मग काय झालं हे न कळताच आई. विसीला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि काळ्या हातांनी ते पुसताही येईनात. बेगोन्याने रुमाल काढून तिचे गाल पुसले. विसीने पुसू दिले, आणि त्यातही तिच्या मनात आलं की हिचे हात किती मऊ आहेत, चोपन्न वर्षांच्या बाईचे हात इतके मऊ असतातच कसे.

ओळखपत्राचे फोटो गेलेत ते काही परत यायचे नाहीत, बेगोन्या म्हणाली. त्यांवर कुणी विसीच्या नावाने दुसरंच कर्ज उचलू शकतं. लगेच चौकीत तक्रार करायची आणि बँकेलाही कळवायचं. ती बरोबर यायला तयार होती. तासियो येईल, विसी म्हणाली. थोड्या वेळाने नाक ओढून म्हणाली, "तूही ये. तासियो बोलत नाही."

चौकीतून परतेपर्यंत पातेलं उकळून शांत झालं होतं. एलोयने चिमट्याने पहिली बरणी उचलून टेबलावर ठेवली. कासिल्दाने ती पुसली, झाकण दाबून बघितलं, पेनाने एकचा आकडा घातला. सगळे एकदम दुसरीकडे कुठेतरी बघायला लागले. कासिल्दा क्षणभर थांबली आणि तिने ती बरणी बेगोन्याच्या हातात दिली.

योग्यच होतं ते. विसीला ते कळत होतं, आणि योग्य असल्यामुळेच जास्त झोंबलं. बेगोन्या "अगं, कशाला" असं काही म्हणाली नाही, सरळ थँक्यू म्हणाली आणि घेतली, तेही विसीला खटकलं.

"रबराचा वास येईल तिला," विसी म्हणाली. बेगोन्या हसली, आणि या वेळी विसीला ते हसणं अगदीच असह्य वाटलं नाही.

निघताना ती कुणाचा निरोप न घेता गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर त्यांच्या वाटणीच्या बरण्या होत्या, आकडे घातलेल्या, कुठले ते तिने बघितलंही नाही. तासियोने चावी फिरवली तेवढ्यात कासिल्दा पळत आली. तिच्या हातात स्वयंपाकाच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिने खिडकीतून विसीच्या मांडीवर ठेवलं.

"दर वर्षी ती बरणी देताना मला वाटायचं, हप्ताच भरतेय," कासिल्दा म्हणाली. "ही तसली नाही. आणि गुरुवारी नोटरीकडे ये. आत येऊ देणार नाहीत तुला, बाहेर बस. पण ये. मला त्या प्रश्नांची भीती वाटतेय."

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. विसीने फडकं सोडलं. बरणी अजून कढत होती आणि झाकणावर आकडा नव्हता. पेनाने, जरा घाईघाईने, लिहिलं होतं: विसी.

गाडी गल्लीतून बाहेर पडली, पूल ओलांडला. कढत काच स्कर्टमधून मांडीला चटके देत होती, पण तिने बरणी हलवली नाही.

"तासियो," ती शेवटी म्हणाली, "बेगोन्याच्या झाकणावर काय लिहिलं होतं रे?"

"एक."

"नुसता एक? नाव नव्हतं?"

तासियोने विचार केला. तो नेहमी खरं सांगायचा. "नाव नव्हतं," तो म्हणाला.

विसीने काळा तळहात झाकणावर ठेवला, अक्षरं पुसली जाणार नाहीत असा, अलगद.

"हळू चालव," ती म्हणाली. "बरणी आहे माझ्याकडे."